स्पर्धेच्या मापाचा बुद्धिबळ सेट कसा निवडावा

मूल बुद्धिबळाच्या क्लासला रमलं की काही आठवड्यांतच प्रशिक्षकांचा निरोप येतो, "घरी टूर्नामेंट साइजचा सेट घ्या." मग आई-बाबा दुकानात जातात आणि तिथे प्रत्येक खोक्यावर हेच दोन शब्द छापलेले दिसतात. चुंबकाच्या छोट्या पटावर, घडीच्या लाकडी पेटीवर, काचेच्या शोभेच्या सेटवरसुद्धा. हे शब्द छापण्याआधी कोणी माप तपासत नाही, त्यामुळे तपासायचं काम आपल्यालाच करावं लागतं. ते अवघड अजिबात नाही. एक पट्टी आणि थोडी माहिती एवढ्यावर भागतं.

मापाचा एवढा आग्रह का, ते आधी सांगतो. आजची मुलं सरावाचा बराचसा भाग मोबाइलवर करतात. तिथे अख्खा पट तळहातावर मावतो आणि चौसष्ट घरं एका नजरेत येतात. स्पर्धेच्या हॉलमध्ये मात्र समोर जवळपास अर्धा मीटर रुंदीचा पट असतो आणि मोहरे उभे असतात, चपटे नव्हे. पलीकडच्या कोपऱ्यातला उंट लांबलचक तिरप्या रेषेतून आपल्या हत्तीवर रोखलेला आहे, हे अशा पटावर दिसण्यासाठी डोळ्यांना तशी सवय लागते. ही सवय फक्त त्याच मापाच्या पटावर बसून लागते. स्पर्धेत फुकट घालवलेले मोहरे पाहिले तर त्यातले बरेच हिशेब चुकल्यामुळे नव्हे, नीट न दिसल्यामुळे गेलेले असतात. म्हणून माझा आग्रह एकच: घरचा पट आणि स्पर्धेतला पट मुलाच्या डोळ्यांना वेगळे वाटता कामा नयेत. रंग, लाकूड, कोरीवकाम, किंमत हे सगळं त्यानंतर.

पायरी पहिली: राजाची उंची मोजा

आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, मोहऱ्यांच्या उंचीची शिफारस केलेली आहे. राजा ९.५ सेंमी, वजीर ८.५, उंट ७, घोडा ६, हत्ती ५.५ आणि प्यादं ५ सेंमी. यात दहा टक्क्यांपर्यंत फरक चालतो, पण उंचीचा क्रम बदललेला चालत नाही. राजा सगळ्यांत उंच, मग वजीर, मग उंट, अशीच उतरंड हवी. स्वस्तातल्या काही सेटमध्ये उंट आणि घोडा एकाच उंचीचे असतात, कधी हत्तीच घोड्यापेक्षा वर जातो. असा सेट दिसला की बाजूला ठेवा.

दुकानात मापं बहुधा इंचांत सांगतात. ३.७५ इंची राजा म्हणजे आपला ९.५ सेंमीचा राजा. एवढा एक आकडा लक्षात ठेवला तरी अर्धं काम झालं. चार इंची आणि त्याहून मोठे राजेही मिळतात आणि दिसायला फार रुबाबदार असतात, पण त्यांना घरंही तेवढी मोठी लागतात. लहान मुलांचा हात अशा पटाच्या पलीकडच्या ओळीपर्यंत पोचत नाही आणि खुर्चीवरून उठून चाल करावी लागते.

राजाच्या बुडाचा व्यास उंचीच्या चाळीस ते पन्नास टक्के असावा. ९.५ सेंमीच्या राजाला म्हणजे ३.८ ते ४.७५ सेंमीचं बूड. यापेक्षा निमुळतं असेल तर तो राजा पडणार. फार पसरट असेल तर शेजारच्या मोहऱ्याला खेटणार.

पायरी दुसरी: घराचं माप राजाशी जुळवा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मोहरे चांगले, पटही चांगला, पण दोघांची जोडी जमत नाही. फिडेच्या शिफारशीनुसार घराची बाजू ५ ते ६ सेंमी असावी आणि ती प्याद्याच्या बुडाच्या व्यासाच्या किमान दुप्पट असावी. म्हणजे एका घरात चार प्यादी मावली पाहिजेत. सेट घेताना ही चाचणी करायला दुकानदार कधी नाही म्हणत नाही. चार प्यादी घ्या, एका घरात दोन-दोनच्या ओळीत उभी करा. रेषेबाहेर बूड जात असेल तर घर लहान आहे. चौघं उभी राहूनही भोवती भरपूर मोकळी जागा उरत असेल तर त्या पटावर तुमचे मोहरे हरवल्यासारखे दिसतील.

राजाच्या बाबतीत अंदाज असा: त्याच्या बुडाने घराच्या रुंदीचा साधारण तीन चतुर्थांश भाग व्यापावा. ४.३ सेंमीचं बूड आणि ५.७ सेंमीचं घर ही जोडी उत्तम बसते.

पट्टी जवळ नसेल तर खिशातली दहा रुपयांची नाणी काढा. दहाच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, म्हणजे दोन नाणी शेजारी ठेवली की ५.४ सेंमी. एका घरात अशी चार नाणी रेषेच्या आत मावली आणि कडेला थोडीशीच फट उरली, तर घर योग्य मापाचं आहे. नाणी जराशी बाहेर गेली तर घर पाच सेंमीच्या आसपास असू शकतं. ते नियमात बसतं, पण मग मोहऱ्यांची बुडं बेताची आहेत ना ते पाहा. नाणी अर्धी-अधिक बाहेर लोंबत असतील तर तो पट स्पर्धेचा नाही, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

ऑनलाइन घेताना नाणी ठेवता येत नाहीत, तिथे गणित करावं लागतं. विक्रेते बहुतेक वेळा पूर्ण पटाचं माप लिहितात आणि त्यात कडेची पट्टी धरलेली असते. वीस इंची पट म्हटला तर दोन्ही बाजूंची एक-एक इंचाची कड वजा करा, उरले अठरा इंच. आठाने भागा, सव्वादोन इंच, म्हणजे ५.७ सेंमी. हा झाला स्पर्धेचा पट. याच हिशेबाने सतरा इंची पटावर घर पाच सेंमीपेक्षा थोडं कमीच भरतं. बारा किंवा चौदा इंची पट प्रवासात खेळायला ठीक. ज्या जाहिरातीत राजाची उंची, राजाच्या बुडाचा व्यास आणि घराची बाजू हे तीन आकडे दिलेले नाहीत, तिथे विक्रेत्याला विचारा. उत्तर आलं नाही तर पुढचं दुकान बघा.

२०२५ मध्ये गोव्यात फिडे विश्वचषक झाला. अशा मोठ्या स्पर्धांत चाली थेट प्रक्षेपणासाठी टिपणारे इलेक्ट्रॉनिक पट असतात. त्यांचं घर साधारण साडेपाच सेंमीचं आणि राजा साडेनऊ सेंमीचा. तुमच्या जिल्ह्यातल्या नऊ वर्षांखालच्या निवड स्पर्धेतही माप जवळपास हेच असतं. ग्रँडमास्टर ज्या मापावर खेळतो तेच माप पहिलीतल्या मुलाला काही शे रुपयांत मिळू शकतं. मला या खेळाची ही गोष्ट फार आवडते.

पायरी तिसरी: आकार स्टाँटनच

स्पर्धेत स्टाँटन पद्धतीचे मोहरे वापरतात. डोक्यावर क्रॉस असलेला राजा, मुकुटाचा वजीर, तिरपी खाच असलेला उंट, बुरुजाच्या आकाराचा हत्ती. नाथॅनिएल कुक यांच्या नावावर हे डिझाइन १ मार्च १८४९ रोजी लंडनमध्ये नोंदवलं गेलं, जॉन जॅक्स यांच्या कंपनीने ते बनवलं आणि त्या काळचे गाजलेले खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांनी त्याला आपलं नाव दिलं. त्याआधी निरनिराळ्या प्रकारचे मोहरे चालत आणि अनोळखी सेटवर वजीर कोणता, उंट कोणता असा घोळ होई. आज नागपूरचं मूल नॉर्वेच्या मुलासमोर बसलं तरी दोघांनाही पटावर तेच मोहरे दिसतात, ते या एका डिझाइनमुळे.

हत्ती-उंटांच्या खऱ्याखुऱ्या आकृत्या कोरलेले राजस्थानी सेट, आग्र्याचे संगमरवरी सेट, शिवकालीन मावळ्यांचे सेट सुंदर असतात. दिवाणखान्यात जरूर ठेवा. पण सराव त्यावर नको. रोज वेगळ्याच आकृत्या पाहिलेल्या डोळ्याला स्पर्धेत मोहरा ओळखायलाही क्षणभर लागतो.

स्टाँटन सेटमध्येही एक गोष्ट पाहून घ्या. पट मांडा आणि खेळाडूच्या जागेवर बसून, वरून तिरपं बघा. उंट आणि प्यादं यांच्यात गल्लत होते का? राजा आणि वजीर झटकन वेगळे ओळखू येतात का? दुकानदार मोहरा हातात देतो, आपण तो डोळ्यांसमोर धरून बघतो, आणि तेव्हा सगळंच छान दिसतं. खेळताना मात्र तो वरूनच दिसणार असतो.

पायरी चौथी: वजन

माप जुळलं की वजनाकडे या. पोकळ प्लॅस्टिकचा राजा वीस-पंचवीस ग्रॅमचा असतो. बुडात लोखंडाचा तुकडा किंवा तसलंच काही भरलेला राजा पन्नास ग्रॅमच्या पुढे जातो. चांगल्या वजनदार सेटचे सगळे मोहरे मिळून किलोभर किंवा त्याहून जास्त भरतात. जाहिरातीत 'डबल वेटेड', 'ट्रिपल वेटेड' असं लिहिलेलं असतं, पण त्याचं कोणतंही ठरलेलं प्रमाण नाही. एका कंपनीचा ट्रिपल दुसरीच्या डबलपेक्षा हलका निघू शकतो. विचारायचे ते ग्रॅम विचारा.

वजन कशासाठी? फिडेच्या नियमानुसार ज्याच्या हातून मोहरा पडला किंवा सरकला त्यानेच तो स्वतःच्या वेळात जागेवर ठेवायचा असतो. ब्लिट्झमध्ये, म्हणजे अगदी थोड्या मिनिटांच्या झटपट डावात, घड्याळात दहा सेकंद उरलेत आणि हत्ती हलवताना बाही लागून दोन प्यादी आडवी झाली, की डाव तिथेच गेला. खालून जड असलेला मोहरा धक्का लागला तरी डुलतो आणि पुन्हा उभा राहतो.

चाचणी सोपी आहे. राजा टेबलावर ठेवा, डोक्यावरच्या क्रॉसला बोट लावून हळूहळू तिरका करा आणि सोडा. चांगला राजा बराच कललेला असतानाही परत सरळ होतो, दोन-तीन हेलकावे घेतो आणि थांबतो. हलका राजा जरासा कलला की लोळण घेतो. हीच परीक्षा घोड्याची आणि प्याद्याची घ्या, कारण काही कंपन्या राजा-वजिरात वजन भरतात आणि प्यादी पोकळ ठेवतात. मग मोहरा कानाजवळ नेऊन हलवा. आतून खुळखुळ आवाज आला तर वजनाचा तुकडा सुटा झालेला आहे, आणि तो सेट घेऊ नये.

खूप जड सेटच्या मागेही लागू नका. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या चिमटीत मोहरा सहज उचलला गेला पाहिजे. शिवाय पूर्ण सेट दप्तरात घालून तेच मूल चालणार आहे.

बुडाखाली फेल्ट म्हणजे मऊ कापडाची चकती असते. तिच्या कडा नखाने उचलून पाहा. नखाला लागलीच वर येत असेल तर दोन महिन्यांत ती सुटेल. प्लॅस्टिकच्या मोहऱ्यावर साच्याच्या जोडाची रेघ असते. तिच्यावरून बोट फिरवलं तर बोचायला नको.

प्लॅस्टिक की लाकूड?

पहिला सेट प्लॅस्टिकचाच घ्या. हे मी पैशाकडे बघून सांगत नाही. नवशिक्या मुलाचा सेट पडतो, एसटीतून, लोकलमधून फिरतो, पावसात भिजतो, आणि मुलाने तो बिनधास्त वापरावा हीच आपली इच्छा असते. शिवाय बहुतेक स्पर्धांत समोर प्लॅस्टिकचेच मोहरे आणि गुंडाळीचा पट येतो.

लाकडी सेटचा विचार खेळ मुरल्यावर करावा आणि तेव्हा भारतात राहण्याचा फायदा जरूर घ्यावा. युरोप-अमेरिकेत महागड्या किमतीला विकले जाणारे कित्येक लाकडी सेट अमृतसरच्या कारागिरांनी बनवलेले असतात. पांढरे मोहरे सहसा बॉक्सवूडचे असतात. काळे शिसमचे, आबनुसाचे, किंवा बॉक्सवूडलाच काळा रंग दिलेले. 'एबनाइज्ड' हा शब्द दिसला की तो रंग दिलेला समजा. त्यात वाईट काही नाही, फक्त किंमत आबनुसाची देऊ नका. खरं आबनूस जड आणि देखणं असतं, पण कोरड्या हवेत त्याला भेगा जाण्याची भीती असते.

लाकडी सेट पारखायचा तर घोडा बघा. बाकीचे मोहरे लेथवर फिरतात, घोडा मात्र हाताने कोरला जातो, आणि सेटच्या मजुरीतला मोठा वाटा त्या चार घोड्यांवर खर्च होतो. चारही घोडे एका रांगेत उभे करा. मानेचा बाक, कान, जबडा सगळ्यांचा सारखा आहे का? एकाचं तोंड आखूड आणि दुसऱ्याचं लांब असेल तर कारखान्यात घाई झालेली आहे, आणि ती घाई इतरत्रही कुठेतरी सापडेल. कान फार बारीक आणि टोकदार असतील तर पहिल्यांदा पडला की तुटतील.

पॉलिश झगझगीत नको. फिडेची शिफारसही चकाकी नसलेल्या मोहऱ्यांची आहे. हॉलमधल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पटावर पडलं की चार तासांच्या डावात डोळे दुखून येतात.

पट निवडताना

नवशिक्यांसाठी गुंडाळता येणारा व्हिनाइलचा पट पुरेसा आहे. पुसता येतो, स्वस्त असतो आणि सेटच्या पिशवीत मावतो. फार पातळ घेऊ नका. आपल्याकडच्या हॉलमध्ये मोठे उभे पंखे लावलेले असतात आणि पातळ पटाचा कोपरा वाऱ्याने उचलला जातो. सिलिकॉनचा पट लगेच सपाट बसतो, पण मोहरा सरकवताना थोडा अडकतो. माउसपॅडसारखा रबरी पट खेळायला सुरेख, पण जड आणि गुंडाळल्यावर जाडजूड.

रंग हिरवा-पांढरट किंवा तपकिरी-पांढरट घ्या. लाल-काळा पट नको, त्यावर काळे मोहरे काळ्या घरांत बुडून जातात. कडेला ए ते एच ही अक्षरं आणि १ ते ८ हे आकडे छापलेले असावेत, कारण चाली लिहायला शिकताना मुलाला त्यांची गरज पडते. आणि एक गोष्ट दुकानातच तपासा: ए१ हे घर काळं आहे का? स्वस्त पटांवर कधी कधी अक्षरं उलटी छापलेली असतात. पांढऱ्या बाजूने बसल्यावर उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं आलं पाहिजे आणि त्यावर एच१ लिहिलेलं असलं पाहिजे.

घडीची पेटी, ज्यात मोहरे आतच ठेवतात, ती टाळा. मोहरे त्या पेटीत मावावेत म्हणून मुळातच छोटे केलेले असतात, आणि मधल्या सांध्यावर मोहरा डगमगतो.

जादा वजीर मागून घ्या

सेटमध्ये बत्तीस नव्हे, चौतीस मोहरे असावेत. प्रत्येक रंगाचा एक वजीर जास्तीचा. प्यादं आठव्या घरात पोचल्यावर नवा वजीर लागतो आणि पहिला अजून पटावर असेल तर दुसरा आणायचा कुठून? घरी आपण हत्ती उलटा ठेवून "हा वजीर" म्हणतो. फिडेच्या नियमांनी चालणाऱ्या स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच धरला जातो.

कॅनडाच्या २०१७ च्या अजिंक्यपदाचा निकाल याच गोष्टीवर फिरला. बातोर सांबुएव आणि निकोलाय नोरित्सिन यांच्यात बरोबरी सुटावी म्हणून ब्लिट्झ डाव चालू होता. नोरित्सिन यांचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं, हाताशी वजीर दिसेना, कारण मारलेला वजीर सांबुएव यांच्या हातात होता. त्यांनी घाईघाईत हत्ती उलटा ठेवला. पंचांनी डाव थांबवून तो हत्तीच असल्याचं सांगितलं आणि नोरित्सिन डाव हरले. नियमाप्रमाणे अशा वेळी घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागता येतो. मुलाला हे पहिल्या स्पर्धेआधीच सांगून ठेवा, आणि घरी सराव करतानाही जादा वजीर पटाशेजारी ठेवायची सवय लावा.

स्पर्धेला जाण्यापूर्वी

स्पर्धेचं माहितीपत्रक नीट वाचा. आपल्याकडे पट-मोहरे पुष्कळदा आयोजक देतात, पण काही स्थानिक स्पर्धांत सेट किंवा घड्याळ, कधी दोन्ही, खेळाडूंनी आणावं असं लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या मराठी पालकांना तर हा सेट घ्यावाच लागतो. तिथल्या शनिवार-रविवारच्या बहुतेक स्पर्धांत सेट खेळाडूच आणतात. माप इंचांत चालतं: ३.७५ इंची राजा आणि सव्वादोन इंची घर सगळीकडे चालून जातं. दोघांनीही चालण्याजोगे सेट आणले असतील तर कोणता वापरायचा हे काळ्या मोहऱ्यांनी खेळणारा ठरवतो.

घरी आणल्यावर

पिशवी रिकामी करून चौतीस मोहरे मोजा. एखादा कमी किंवा तुटका निघाला तर तो त्याच आठवड्यात बदलून घ्या. नंतर त्याच रंगछटेचं एकटं प्यादं बाजारात मिळत नाही. मोहरे ठेवायच्या पिशवीवर मुलाचं नाव लिहा, कारण हॉलमधल्या सगळ्या हिरव्या पिशव्या सारख्याच दिसतात.

व्हिनाइलचा पट गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवा, म्हणजे उलगडल्यावर कडा खाली वळतात आणि पट टेबलाला चिकटून बसतो. घडी घालू नका, पडलेली मोड जात नाही. उन्हात उभ्या गाडीत तो ठेवू नका.

प्लॅस्टिकचे मोहरे मळले तर ओल्या कापडाने पुसा. पाण्यात बुडवू नका, फेल्ट सुटतं आणि आतलं लोखंड गंजतं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, फेल्टला बुरशी धरते. ओल्या छत्रीशेजारी दप्तरात राहिलेला सेट घरी आल्यावर रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवा. लाकडी पट भिंतीला टेकवून उभा ठेवला तर वाकतो, म्हणून आडवा ठेवा. सुटलेली चकती फेविकॉलचा एक थेंब लावून बसवता येते, मोहरा उभा ठेवून त्यावर तासभर पुस्तकाचं वजन द्या.

आणि जमलं तर हा पट टेबलावर मांडूनच ठेवा. मोबाइलवर सोडवायची कोडी मुलाने आधी या पटावर मांडावीत, हात न लावता पाहावीत, आणि उत्तर सापडल्यावरच मोहरा हलवावा.